परड्यातला बोका आणि वड्याचं तेल

गेल्या श्रावणात एका रात्री तीनच्या सुमारास स्वयंपाकघरातून असा काही आवाज आला की आई माडीवरून काठी घेऊनच खाली उतरली. दिवा लावला तर लादीवर केसांचे पुंजके. चिंगी फ्रिजच्या मागे, ढब्बू माळ्यावर, आणि सोनी परड्याकडच्या खिडकीत उभी, शेपटी बाटल्या घासायच्या ब्रशसारखी फुललेली.

सोनी आणि चिंगी एकाच वेताच्या बहिणी. पाच वर्षं एकमेकींच्या अंगावर झोपल्या, एका ताटात जेवल्या. ढब्बू त्यांच्यानंतर दोन वर्षांनी आला, तोही त्यांच्यात मिसळून गेला. तिघांचीही नसबंदी झालेली. भांडायला काही कारणच नव्हतं. तरी सकाळी चिंगी पाणी प्यायला आली तशी सोनी पुन्हा तिच्या अंगावर धावून गेली. आम्ही कारण घरात शोधत बसलो. खाणं बदललं का, वाळू बदलली का, कुणी आजारी आहे का?

चौथ्या दिवशी आई परड्यात धुणं वाळत घालत होती. तिथूनच तिनं हाक मारली, "बोका याया लागलाय परड्यात. वास येईना व्हय तुला?" खिडकीखालच्या भिंतीवर, गुडघ्याच्या जरा खाली, पिवळट ओघळ होते. दोन रात्री जागलो तेव्हा स्वारी दिसली. रुंद गालांचा, एक कान फाटलेला पिवळा बोका, कौलांवरून उतरून न्हाणीच्या दगडावर बसायचा आणि खिडकीकडे बघत राहायचा. आईनं त्याचं नाव ठेवलं 'पावणं'. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, हेही तिनं ऐकवलंच.

आता बोका बाहेर, तर बहिणी आत का भांडतात? याला मराठीत तयार शब्द आहेत: वड्याचं तेल वांग्यावर. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक याला वळवलेलं आक्रमण म्हणतात. सोनीला खिडकीतून परका दिसतो. अंगात झटापटीची सगळी तयारी होते, पण मध्ये काच आणि गज. त्या क्षणी चिंगी शेजारून गेली तर तो सगळा आवेग चिंगीवर निघतो. मांजर असं पेटलं की शांत व्हायला कधी तास-दोन तास लागतात, कधी दिवस. आणि वाईट भाग पुढेच आहे. मार खाल्लेली चिंगी आता सोनीला बघून दबकून चालते, ते दबकणं सोनीला संशयास्पद वाटतं, की पुन्हा फिसकारणं. बोका निघून गेला तरी आतलं भांडण स्वतःच्या पायावर उभं राहतं. घरात अनेक मांजरं असतील आणि एकाएकी वैर सुरू झालं असेल, तर आधी खिडकीबाहेर बघा, असं मी आता ज्याला त्याला सांगतो. अर्थात दुखणं असलं तरी मांजर चिडचिडं होतं, म्हणून डॉक्टरांकडे एक फेरी हवीच.

परक्याचं एवढं का लागतं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आपलं पाळीव मांजर आलं ते आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला. तो शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ओळख जुनी आहे. पण त्या रानमांजराचा संसार एकट्याचा. उंदीर एवढासा, त्यात दुसऱ्याला वाटा निघत नाही. लांडगे किंवा सिंह मोठी शिकार मिळून करतात, म्हणून त्यांच्यात भांडण झालं तर मिटवायच्या रीतीही आहेत. मांजराकडे या रीती फार थोड्या. त्याचा उपाय एकच, गाठच पडू द्यायची नाही.

मग मंडईत, मासळी बाजारात, दूध डेअरीच्या मागे दहा-दहा मांजरं एकत्र कशी दिसतात? जिथे खाणं भरपूर आणि एका जागी मिळतं तिथे मांजरं गट करून राहतात. पण नीट बघितलं तर गटाचा गाभा असतो तो आई, मावशी, बहिणी, लेकी यांचा. भाट्या, म्हणजे माद्या, एकमेकींची पिल्लं चाटतात, पाजतातसुद्धा. बोके कडेकडेनं फिरतात. आणि अनोळखी मांजराला हा गट सहजासहजी आत घेत नाही. तुमच्या घरातली तीन मांजरं हा तुमच्या दृष्टीनं तुम्ही जमवलेला गोतावळा असेल, त्यांच्या दृष्टीनं तो मोठ्या मुश्किलीनं जमून आलेला तह असतो. चौथं मांजर आलं की तहाची कलमं पुन्हा लिहावी लागतात.

हा तह लिहिलेला असतो वासात. मांजराच्या गालावर, हनुवटीवर, कपाळावर, शेपटीच्या बुडाशी आणि पंजांच्या गाद्यांमध्ये ग्रंथी असतात. ते दाराच्या चौकटीला गाल घासतं, तुमच्या पोटरीला अंग घासतं, एकमेकांना घासतं, तेव्हा सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो. हा घराचा वास. तो ज्याच्या अंगाला येतो तो आपला. चिंगीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती परत आल्यावर सख्खी बहीण तिच्यावर दोन दिवस फिसकारत होती, कारण अंगाला दवाखान्याचा वास. चेहरा तोच होता, पण मांजराच्या हिशेबात चेहऱ्याला तेवढी किंमत नाही.

बोक्याची पिचकारी हा याच लिपीतला मोठ्या अक्षरातला फलक. नेहमीची लघवी मांजर बसून करतं आणि पुरतं. पिचकारी मारताना ते उभं राहतं, शेपटी वर, शेपटीचं टोक थरथरतं, आणि मागे उभ्या पृष्ठभागावर थोडीशीच धार. बोक्याच्या मूत्रात फेलिनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, नसबंदी न झालेल्या नरात सगळ्यात जास्त. ते फुटून गंधकयुक्त संयुगं सुटतात आणि तो नाक जाळणारा वास येतो. दुसरं मांजर तिथे येतं, हुंगतं, मग ओठ वर ओढून तोंड अर्धवट उघडं ठेवून क्षणभर थिजतं. आपल्याला वाटतं की याला किळस आली. खरं तर ते वाचत असतं. वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला बारीक छिद्रं असतात, तिथून वास एका वेगळ्या इंद्रियाकडे जातो. कोण येऊन गेला, नर की मादी, किती वेळापूर्वी, एवढा मजकूर त्यात असतो.

म्हणजे पिचकारीचा हेतू भांडण लावणं असा नाही. उलट भांडण टाळण्याची ती सोय आहे. मोकळ्यावर राहणारी मांजरं एकच भिंत, एकच वाट वेगवेगळ्या वेळी वापरतात. गिरणीत पाळ्या लागतात तशा. वासावरून कळतं की आत्ता कुणाची पाळी चालू आहे. पण घरात कोंडलेल्या मांजराला ना पाळी बदलता येते ना जागा. सोनीला रोज रात्री तो फलक वाचायचा आणि तिथेच बसून राहायचं. कधीकधी मग घरातली मांजरंही आतून पडद्यावर, दारावर उत्तर लिहायला लागतात, नसबंदी झालेलीसुद्धा. त्यांना शिक्षा करू नका. घाबरलं की ते आणखी लिहितं.

भिंत धुण्याबद्दल मात्र सावध राहा, कारण इथे आपल्या घरात हमखास चूक होते. आपला हात फिनाईलच्या बाटलीकडे जातो. मांजराच्या यकृतात काही विषारी पदार्थ निकामी करणारी एक यंत्रणा जवळजवळ नसतेच. फिनॉलजातीचे पदार्थ त्याला म्हणूनच बाधतात. ओल्या फरशीवरून चाललं, पाय चाटले, की ते पोटात. याच कारणानं माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते; ताप आलाय म्हणून पाव गोळी दिली, असं सांगणारे लोक मला भेटले आहेत. अमोनिया असलेली साफ करायची द्रावणंही नकोत, त्यांचा वास मांजराला मूत्रासारखाच वाटतो. एन्झाइमवाली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून भिंत घासायची, साध्या पाण्यानं धुवायची, वाळली की सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवायचा. आम्ही हे तीनदा केलं. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला आतून वर्तमानपत्र चिकटवलं. दिसायला गबाळं, पण सोनीची रात्रीची पहारेदारी दोन दिवसांत बंद झाली. दोघी बहिणींना चार दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवलं, मग बंद दाराच्या दोन बाजूंना ताटल्या, मग दार बोटभर उघडं. पेटलेल्या दोन मांजरांमध्ये हात घालू नका, एवढं मात्र आधीच सांगतो. मधे उशी किंवा जाड टॉवेल टाका. माझ्या मनगटावर याची खूण आहे.

आता पाहुण्याचं काय करायचं? त्याआधी तो आहे कोण हे ठरवा. दिवसाढवळ्या शेपटी ताठ करून येणारं, माणसाकडे बघून म्याव करणारं मांजर बहुतेक वेळा कुणाचं तरी असतं किंवा कधीतरी होतं. मोठी मांजरं आपापसात म्याव फारसं करत नाहीत, ती भाषा माणसांसाठी राखलेली आहे. अंधारात येणारं, पोट जमिनीला लावून सरकणारं, नजर मिळाली की पळणारं मांजर माणसाळलेलं नसेल, पण घाबरलेलं हरवलेलं मांजरही असंच वागतं. एक जुनी युक्ती चांगली आहे. गळ्यात कागदाची सैल पट्टी, तिच्यावर 'हे मांजर तुमचं आहे का?' आणि तुमचा फोन नंबर. कागद असल्यानं अडकली तर फाटते. एका कानाचं टोक सरळ छाटलेलं दिसलं तर त्याची नसबंदी झालेली आहे, तो नसबंदीचा ठरलेला शिक्का. रुंद गाल, जाड मान, जखमांचे वण आणि वास म्हणजे नसबंदी न झालेला बोका. आणि पाहुणी असेल तर पोट आणि सड बघा. आत येऊन वळचणीला पिल्लं घातल्यावर निर्णय तुमच्या हातात राहत नाही. मांजरीचे दिवस सुमारे नऊ आठवड्यांचे, आणि पाच-सहा महिन्यांची पिल्लूच आई होऊ शकते.

आजारांचं घाबरवणं मला आवडत नाही, पण दोन गोष्टींवर थांबायला हवं.

पहिली पॅनल्यूकोपेनिया, ज्याला दवाखान्यात मांजरांचा पार्वो म्हणतात. लस न घेतलेल्या पिल्लांत उलट्या, जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. या विषाणूची खोड अशी की पाहुणा घरात यायचीही गरज नाही. तो फरशीवर, चपलेवर, कपड्यांवर वर्षभरही टिकू शकतो, आणि साध्या साबणाला दाद देत नाही. त्याला मारतं ते ब्लीच, बत्तीस भाग पाण्यात एक भाग, दहा मिनिटं ओलं ठेवून, नंतर भरपूर पाण्यानं धुऊन. तुम्ही परड्यात पाहुण्याला थोपटून आत आलात की तुम्हीच वाहक. 'आमची मांजरं घराबाहेर जात नाहीत, त्यांना लस कशाला?' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या चपलेत आहे. पॅनल्यूकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू या तिघांवर एकच लस मिळते. पिल्लांना सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं देतात.

दुसरी रेबीज. आपल्याकडे रेबीज म्हटलं की कुत्रा डोळ्यांसमोर येतो, पण मांजराच्या चाव्यानंही तो होतो. बाहेरचं मांजर चावलं किंवा रक्त येईल असं ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून, कारण पंधरा मिनिटं फार मोठी असतात. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, सरकारी रुग्णालयात ही लस मिळते. 'बघू, मांजर मरतंय का' म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही.

बाकीचे थोडक्यात. मांजरांचा ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, वाट्यांतून पसरतो. एफआयव्ही हा मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू प्रामुख्यानं खोल चाव्यातून, म्हणून भांडखोर बोक्यांत जास्त. दोन्ही माणसाला होत नाहीत. पिसवा आणि पिसवांतून येणारे पट्टकृमी, शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात. गजकर्ण मात्र माणसालाही लागतो, आमच्या भाचीला लागला होता. पिसवांवर कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनचं औषध मांजरावर कधीही टाकू नका, ते त्याला विष आहे.

आता खायला घालायचं की हाकलायचं? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट पाहुणचार. खिडकीत दूध ठेवायचं, नसबंदी करायची नाही, आणि पिचकारी मारली की चप्पल फेकायची. त्यात ना बोक्याचं भलं ना घरच्यांचं. दूधही बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, पातळ परसाकडं होते. घालायचंच असेल तर खिडकीपासून लांब, ठरलेल्या वेळी, आणि अर्ध्या तासात ताटली उचलून.

पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचं, हा आपल्याकडचा पिढीजात उपाय. त्यातलं मांजर बऱ्याचदा परत वाट शोधतं किंवा वाटेत मरतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा बोका येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपासमार होईल अशा रीतीनं प्राणी टाकून देणं हा गुन्हाही आहे. टिकणारा उपाय म्हणजे पकडायचं, नसबंदी आणि रेबीजची लस, आणि त्याच जागी परत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत कुत्र्यांबरोबर मांजरांचाही समावेश झाला. तुमच्या गावात पालिकेची सोय नसली तर खासगी डॉक्टर करतात.

पावण्याला पकडायला आम्हाला अकरा रात्री लागल्या. पिंजरा उसना आणला, त्यात आधी वाटी दारापाशी, मग रोज चार बोटं आत. बोंबलाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही, बांगड्याच्या डोक्याला फसला. डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा एफआयव्ही निघाला. एका डॉक्टरांचं म्हणणं होतं, भांडणं नसलेल्या घरात असं मांजर इतरांबरोबर राहू शकतं, धोका कमी. दुसऱ्यांचं म्हणणं, सोनीचा स्वभाव बघता नको. आम्ही दुसऱ्यांचं ऐकलं. नसबंदीनंतर दहापैकी साधारण नऊ बोक्यांची पिचकारी कमी होते किंवा थांबते, पण हे लगेच होत नाही. अंगातले संप्रेरक उतरायला काही आठवडे जातात. दसऱ्याच्या आधी त्याला सोडलं आणि दिवाळीला भिंतीचा वास गेला.

तुमचा पाहुणा निरोगी निघाला आणि आत घ्यायचाच असेल, तर सरळ उचलून दिवाणखान्यात सोडू नका. 'भांडू दे, आपोआप जमेल' हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पहिल्या भेटीत झालेली मारामारी मांजर विसरत नाही. किमान दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी वाळूची पेटी, वेगळ्या वाट्या. चावे खाल्लेलं मांजर असेल तर एफआयव्हीची चाचणी साठ दिवसांनी पुन्हा. दरम्यान एक पायमोजा घ्यायचा, पाहुण्याच्या गालावर फिरवायचा आणि घरच्यांच्या ताटलीशेजारी ठेवायचा, मग उलट. सोन्याच्या पावलांनी येणाऱ्या सुनेच्या आधी तिचं पत्र येतं तसं. हुंगून पुढे गेले तर ठीक, फिसकारले तर आणखी आठवडा. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग जाळीतून दर्शन, मग पाच मिनिटं एका खोलीत. काही घरांत महिन्यात जमतं, काहींना सहा महिने लागतात, आणि काही ठिकाणी फक्त एकमेकांकडे दुर्लक्ष करण्यापर्यंत गाडी जाते. तेही यशच समजा. वाळूच्या पेट्या मांजरांपेक्षा एक जास्त, आणि एका रांगेत नकोत, वेगवेगळ्या जागी. नाहीतर एक मांजर दारात बसून सगळ्यांची वाट अडवतं. ढब्बू हे काम फार आवडीनं करतो.

पावणं आता परड्यातच राहतं. न्हाणीच्या कडेला आईनं त्याला जुन्या पेटीचं घर केलंय, आत गोणपाट. संध्याकाळी सहाला जेवतं, दगडावर बसून अंग चाटतं आणि सातच्या सुमारास कौलांवरून निघून जातं. खिडकीचं वर्तमानपत्र आम्ही पाडव्याला काढलं. सोनी सव्वासातला खिडकीत येते, गजांमधून नाक बाहेर काढून दगडाच्या दिशेनं हवा हुंगते, बराच वेळ. मग चिंगी येऊन तिच्या शेजारी बसते. सातच्या आधी खिडकीत दोघींपैकी कुणी फिरकत नाही. ही वेळ त्यांना कुणी सांगितली, हे आई अजून मलाच विचारते.